तारलीचं मर्तिक

भिवा मेतर जहाजावरून परत आला
तो काळ्या ऑलिवांची बरणी घेऊन
(जी निवतीत कुणीच दुसऱ्यांदा तोंडात घातली नाहीत)
आणि एक गोष्ट घेऊन.

तेनेरिफे म्हणून बंदर आहे, स्पेनचं.
इंजिन दुरुस्तीसाठी सव्वा महिना जहाज तिथे पडून,
आणि नेमका त्यांचा शिमगा लागला.
"शिमगोच तो," भिवा म्हणाला, "देव तेवढो येगळो."
तशीच सोंगं, तसेच ढोल,
आणि शेवटाला
घराएवढी कागदी तारली रस्त्यातून मिरवत नेतात.
काळे झगे घातलेले मिशाळ बाप्ये
तिच्या मागून ऊर बडवत,
विधवा होऊन,
आणि दर्याकडे नेऊन तिला जाळतात.

लिलावाच्या ओट्यावर मुरकुंडी वळली.
"तारलेक जाळतत?
तळूक येणा नाय तेंका?" प्रभावती कोळंबकर.
"त्या दिसापासना चाळीस दिस मटण बंद तेंचा."
"म्हंजे श्रावण."
"श्रावणच. पण मासे खातत."
"मगे तारलेन काय घोडा मारल्यान?"
ह्याचं उत्तर भिवाकडे नव्हतं.
पाटीतलं एक कोलीम उचलून वास घेतला त्याने, परत ठेवलं.
"रडूक बरा वाटता," म्हणाला.

त्या साली आमच्या रोंबाटात वाघ नव्हता, मारुती नव्हता.
बांबू भिवाचे, दोरा जाळ्यांचा,
खवले बिस्किटांच्या चंदेरी वेष्टनांचे, शाळेतल्या पोरांनी जमवलेले.
कागद माझा.
बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहितो मी,
चौदा वर्षांची पावतीपुस्तकं माळ्यावर कसर खात होती.
रात्री खळ लावून एकेक पान चिकटवलं आतून.
होड्यांची नावं, लाद्या, रोख, उधार.
एका पानावर थांबलो:
हौसाबाई. लाद्या वीस. उधार. सही दाजी खवणेकर.
कार्तिकातली तारीख. वादळाच्या आदला दिवस.
ते पान बाजूला ठेवावं की काय.
हात खळीने बरबटलेले.
चिकटवलं, शेपटीजवळ.

धुळवडीच्या संध्याकाळी तारली निघाली.
नऊवारी नेसलेले बारा गडी, पदर डोक्यावर, दाढीत गुलाल,
"माझ्ये बाय, माका टाकून गेलंस गो!"
पोरं वाळूत लोळून हसत होती.
तुळसा खवणेकर नातवाला घरी न्यायला आली होती,
भात निवत होता म्हणून.
गळ्यात काळे मणी, नऊ वर्षं, कारण काहीच मिळालं नव्हतं,
ना होडी, ना फळी, ना माणूस.

काडी लागली. चंदेरी खवले आधी आक्रसले,
मग पोट फुटलं आणि आतले हिशेब पेटत वर उडाले.
तेव्हा बारा आवाजांत तेरावा मिसळला.
पहिल्यांदा कुणाला कळलं नाही.
"सांगूक नाय," तो म्हणत होता, "माका काय एक सांगूक नाय."
ढोल एकेक करून थांबले.
बाप्ये नऊवारीत तसेच उभे,
ऊर बडवायला उचललेले हात
कुठे ठेवायचे ते न कळून.
प्रभावती पुढे झाली, तिच्याजवळ वाळूत बसली,
मग आणखी दोघी.
भिवाने डोक्यावरचा पदर काढला
आणि जाळाकडे पाठ केली.

शिमगा जातो, कवित्व उरतं म्हणतात.
ह्या वेळी कुणी बोललंच नाही.
राख रात्रीच्या भरतीने नेली.

चौथ्या दिवशी सकाळी
मी लाद्या मोजत असताना तुळसा दारात.
गळा मोकळा.
"बर्फाचे किती देवचे हत हौसाबाईचे?"
"कागद जळलो, वैनी."
ती थोडा वेळ उभी राहिली.
मग टोपलीतून एक वाटा काढून माझ्या वहीवर ठेवला,
तारल्या, अठरा की वीस,
मी मोजल्या नाहीत.
वही ओली झाली.